देवाची वाट

वारल्यांची धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई. बेटेगावात हा मान नवसीआजीचा. तिनं गाऊन एकेका डोंगरावरचा देव मंडपात बोलवायचा, मगच लग्न लागायचं.

बोईसरच्या कारखान्यातून सुटली की नात तेजल तिच्याकडे गाणं शिकायला बसे. एके दिवशी ती एका ओळीवर अडली.

"आजी, आपला देव वाटेत साहेबाला सलाम का करतो गं?"

"गोऱ्या साहेबानं डोंगराला हद्दीचे दगड लावले, रान सरकारचं केलं. तवापासून देवबी सलाम करूनच येतो. माझ्या आजीनं असंच शिकवलं."

"साहेब कधीच गेला आणि देव अजून सलाम ठोकतोय? काढ ती ओळ!"

"काढली तर दगड कोणी लावले, ते कोण सांगंल? गप ए शहाणे!"

पण आजीला दोन दिवस घास गोड लागेना. तिला स्वतःच्या आजीचं गाणं मोडवत नव्हतं आणि देवाला वाकवायला जीभ रेटत नव्हती.

गावातल्या पुढच्याच लग्नात ती ओळ आली. नवसीनं डोळे मिटून देवाला हात जोडले आणि आवाज चढवला, "साहेबा, वाट सोड, माझा देव लग्नाला चाललाय!"

मागं बसलेल्या तेजलनं तीच ओळ दुप्पट जोरानं उचलली.

"हळू गं," आजीनं तिला लाडानं धपाटा घातला, "देव बहिरा नाय!"