निंबाआबांच्या अंगावरचा कोट

मी कात्री बोलतेय. अमळनेरात जीवराम फोटोवाला राहायचा, त्याची बायको सुनंदाबाई राहायची, आणि दोघांच्या टेबलावर मी. जन्म माझा लोहाराच्या भट्टीतला, पण डोळे उघडले ते या स्टुडिओत. तिथं जे पाहिलं त्यानं माझी पाती अजून तापतात.

बाई पोराला कडेवर घेऊन हसत आत शिरायची. पोर तिची नथ ओढायचं, ती मान मागं घ्यायची. अहो, तोच फोटो होता. पण जीवराम म्हणायचा, "ताई, हलू नका, हसू नका." मग रंगवलेल्या तळ्याच्या पडद्यापुढं ती खांबासारखी उभी. चुकून काही जिवंत आलंच, कडेनं डोकावणारी म्हातारी, नाहीतर शेळीचा कान, तर ते छाटायला मी. चांगलं ते केरात आणि निर्जीव ते चौकटीत.

गेलेल्या माणसांचं तर विचारूच नका. गंधमुक्तीला, म्हणजे उत्तरकार्याला, गेलेल्याचा फोटो मांडतात, हार घालतात. ज्यानं जन्मात फोटो काढला नाही त्याचं डोकं लग्नाच्या घोळक्यातून मी कापायचं, जीवरामनं ते कोट-टायवाल्या तयार धडावर डकवायचं, त्याचा पुन्हा फोटो काढायचा आणि पेन्सिलीनं सुरकुत्या बुजवायच्या. एकच कोट सगळ्या तालुक्याला. कापूसवालाही त्यात, गाडीवानही त्यात. अरे, गेल्यावर तरी माणसाला त्याच्या कपड्यात राहू द्या. पण कात्रीला विचारतं कोण?

एकदा लोटन आला, घरातला एकुलता एक फोटो घेऊन. पुतण्याच्या लग्नातली पंगत होती. लोटनचे नुकतेच गेलेले वडील निंबाआबा वरणाची बादली घेऊन वाकलेले, टोपी कलती, तोंडभर हसू. समोरच्या पाहुण्यानं दोन्ही हातांनी ताट झाकलेलं, आणि हे त्या हातांवरच पळी धरून अडून बसलेले. असा फोटो माझ्या पात्यांत कधी आला नव्हता. वाटलं, याला तरी जीवराम सोडेल. कसला सोडतोय. फिरवलंच मला टोपीभोवती.

तयार फोटो न्यायला लोटनबरोबर त्याची आई आली, धुरपदाबाई. तिनं फोटो जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला.

"जीवरामभाऊ, हाऊ कोन शे?"

"आबाच शेतस ना माय," लोटन म्हणाला. "कसा सायेब दिखी राहिनात."

"मी सायेबसंगे संसार नही करा. मन्हा फोटो कोठे शे?"

जीवरामनं पंगतीचा फोटो पुढं केला. वाकलेलं धड, हातात बादली, आणि मानेच्या वर भोक. धुरपदाबाईनं त्या भोकावर बोट ठेवलं.

जीवराम पुटपुटला, "अक्का, हसता फोटो गंधमुक्तीला कोणी मांडतं का? लोक काय म्हणतील?"

सुनंदाबाई आतून आली. "लोकांना आग्रह करकरून वाढायला हा कोटवाला गेला होता का?"

सुनंदाबाईनं डोकं डकवलेला कोटाचा मूळ कागद शोधला, ओल्या कापसानं डिंक भिजवला, आबांचं डोकं कोटावरून हलक्या हातानं सोडवलं आणि पंगतीतल्या भोकात बसवलं. उरलेला कोट माझ्या हवाली केला. त्याच्या मी अशा चिंध्या केल्या की बस.

मग तिनं मला पंगतीच्या फोटोवर धरलं. वाटलं, पुन्हा आबांवरच फिरवतेय. पण तिनं मांडवाचे खांब छाटले, कोपऱ्यातली वऱ्हाडी डोकी छाटली. राहिले आबा, बादली आणि ताट झाकणारा पाहुणा. "आता याचा फोटो काढा," तिनं नवऱ्याला सांगितलं, "मोठा."

नव्या फोटोचा कागद वाळला तेव्हा टोपीभोवती बारीक रेघ दिसत होती. जीवराम ती बुजवायला पेन्सिल घेऊन वाकला.

"राहू द्या," धुरपदाबाई म्हणाली.

लोटन आबांच्या हातातल्या पळीकडं बघत होता, आणि बघता बघता त्याला हसू आलं.

धुरपदाबाईनं फोटो घेतला. डोक्यावरचा पदर सावरला, आबांकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "चाला आते घर."