ब्लोअरसमोरची जागा

थोरलीला धाकट्या जावेचं काय काय खुपायचं, हे सांगायला बसलं तर दिवस पुरायचा नाही. तिचं लोणी खुपायचं, तिचं गोड बोलणं खुपायचं, आणि ट्रकचा ड्रायव्हर तिला 'मालकीणबाई' म्हणतो अन् आपल्याला 'काकू', हे तर सगळ्यात जास्त. दोघींच्या वयात अंतर ते किती, अवघं सहा वर्षांचं.

चार महिन्यांपूर्वी दोघींनी मिळून थंड हवेचा ट्रक धरला होता. थोरलीचे मशरूम, धाकटीचं लोणी. एकटीच्या मालाला ट्रक अर्धा रिकामाच जायचा, म्हणून निम्मा हौदा हिचा, निम्मा तिचा. कल्पना धाकटीची. तीही खुपलीच.

पण खरं शल्य वेगळंच होतं. हौद्याच्या पुढच्या भिंतीला गार हवा फेकणारा ब्लोअर. ड्रायव्हर दर खेपेला लोण्याची खोकी बरोब्बर त्याच्यासमोर रचायचा आणि मशरूमचे क्रेट मागे, दाराशी. दार उघडलं की ऊन थेट त्यांच्यावर. म्हणजे गारवा सगळा तिला, आपल्याला उरलंसुरलं. घरात तेच, ट्रकमध्येही तेच. विचारावं तर कमीपणा, म्हणून थोरलीनं कधी विचारलंही नाही.

आज एका मोठ्या हॉटेलचा खरेदीवाला तिचे मशरूम बघणार होता. पसंत पडले की वर्षभर रोजचा माल. धाकटीचं लोणी तिथं आधीपासून जायचं, आणि शब्दही तिनंच टाकला होता. उपकारसुद्धा तिचेच, बघा.

सकाळी ड्रायव्हर माल लावून न्याहारीला गेला. धाकटी शेडमध्ये उद्याच्या खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. थोरलीनं बाह्या सरसावल्या. लोण्याची खोकी दाराशी आणली, आपले अठरा क्रेट ओढत ओढत ब्लोअरसमोर नेले. कंबर मोडली, कोपर खरचटलं, पण मन निवलं.

चार तासांनी हॉटेलच्या मागच्या अंगणात दोघींसमोर ट्रकचं दार उघडलं आणि ड्रायव्हरचा चेहरा उतरला. खरेदीवाल्यानं क्रेट फोडला. मशरूम गोठून खड्यासारखे कडक. टेबलावर ठेवले तसे बघता बघता मऊ पडले, काळपट झाले, बोटांना पाणी लागलं.

"ब्लोअरपुढची हवा शून्याच्याही खाली जाते, साहेब," ड्रायव्हर म्हणाला. "लोण्याला काही होत नाही, पण मशरूम मी तिथं कसे ठेवीन?"

"मग ठेवले कुणी?"

धाकटीची नजर थोरलीच्या खरचटलेल्या कोपरावर गेली. क्षणभर तिथंच थांबली.

"मी," ती म्हणाली. "लोणी आधी उतरवायचं होतं, म्हणून घाईत जागा बदलली. ताईंचा यात काही दोष नाही."

खरेदीवाला मवाळला. "असं होय. मग काकू, उद्या ताजे घेऊन या. पुन्हा बघू." आणि धाकटीकडे त्यानं अशा कौतुकानं पाहिलं, की चूक करावी तर हिनंच.

थोरलीचं काम झालं होतं. तोंड मिटून उभं राहायचं, बस्स. पण तिच्या अंगाचा तिळपापड झाला. हिचा माल चांगला, हिचं बोलणं चांगलं, आणि आता आपलं पाप अंगावर घेऊन वर मोठेपणाही हिलाच? जन्मभर हे ऐकायचं? छे.

"खोटं बोलतेय ती," थोरली म्हणाली. "मीच बदलली जागा. माझ्या या हातांनी."

खरेदीवाल्यानं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि वही मिटली. "आपला माल कुठं ठेवायचा हे ज्यांना कळत नाही, त्यांच्याकडून मी रोजचा माल कसा घेऊ?"

परतीच्या वाटेवर तिघं केबिनमध्ये बसले होते. धाकटी म्हणाली, "ताई, मी निभावून नेत होते. का बोललात?"

"सगळंच तुला द्यायचं का?" थोरली खिडकीबाहेर बघत म्हणाली. वर्षभराचं काम गेलं होतं, आणि ते कुणी घालवलं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ड्रायव्हरनं पाण्याची बाटली काढली. मधे बसलेल्या धाकटीला ओलांडून ती थोरलीपुढे केली.

"घ्या, मालकीणबाई."

थोरलीनं आधी धाकटीनं ते ऐकलं का हे पाहिलं, आणि मगच ती पाणी प्यायली.