एक सूत

माझ्या थोरल्याला मुलगा झाला, त्या वर्षी धाकट्या लेकीने कान वाढवायला घेतले. म्हणजे कानाच्या पाळीचं भोक हळूहळू मोठं करायचं, वन्संसारखं. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. त्यांनी लग्न केलं नाही. आमच्याच घरी मागच्या खोलीत शिवणकाम करून राहिल्या. त्यांच्या कानांत अंगठ्याएवढ्या जाड, काळ्या लाकडाच्या खुंट्या असत. पुढून बटणासारखा चपटा टोप. लहानपणी लेक त्यांच्या मांडीवर त्याच खुंट्या चाचपत झोपायची.

त्या वर्षी वन्संच्या पोटात गाठ निघाली. वर्ष निघेल असं डॉक्टर म्हणाले नाहीत. घरी आल्यावर त्या शिलाई मशीनवर बसल्या, अर्धी राहिलेली बाही पुरी केली आणि लेकीला म्हणाल्या, "माझ्या डोळ्यांदेखत घातल्यास तर खुंट्या तुझ्या. नाहीतर माझ्याबरोबर जाऊ देत."

रीतही त्यांनीच सांगितली. आधी पोलादाच्या गुळगुळीत खुंट्या; लाकडाच्या खुंट्या कानाची जखम पुरती भरल्यावरच घालायच्या. कोमट मिठाच्या पाण्याने धुवायचं, तेल लावून पाळी चोळायची. पहिली खुंटी आपसूक सैल झाली की पुढची. दुखलं तर थांबायचं. आणि दर वेळी वाढवायचं ते एक सूत, जास्त नाही.

आमचे हे कारखान्यात टर्नर. लेथवर त्यांनी सगळ्या खुंट्या एका बैठकीत कातून काढल्या आणि घासून आरशासारख्या केल्या. पहिली लेकीच्या रिंगेच्या तारेएवढीच होती, ती सहज गेली. दुसरी जाईना. लेकीला वाटलं, दुखणारच. थांबायला वेळ कुठे होता? आत्या रोज थोडी कमी जेवत होती. तिने तेल लावलं, ओठ चावला आणि दोन्ही कानांत खुंट्या दाबून बसवल्या.

मग ती केस मोकळे सोडून हिंडू लागली. घरात केस मोकळे सोडलेले वन्संना कधी खपले नव्हते. त्यांनी तिला जवळ बोलावलं. लेक म्हणाली, कान पिळणार असशील तर येत नाही. वन्संनी पिळला नाही, नुसते केस बाजूला केले. पाळी लाल, सुजलेली. मागून कातडीची कड बाहेर उलटली होती.

त्यांनी भावाला हाक मारली. हे म्हणाले, तूच सांगितलंस एक सूत. आणि पट्टी आणून दाखवली, इंचाचा आठवा भाग, ना कमी ना जास्त.

वन्सं बघत राहिल्या. "मेल्या, ते तुझ्या कारखान्यातलं सूत. मी दोऱ्याचं सांगत होते. खुंटीला दोऱ्याचा एक वेढा दिला की जेवढी जाड होते तेवढं."

ह्यांनी पट्टी खिशात घातली. मीच म्हटलं, कान सोनारानेच टोचावेत म्हणतात ते उगाच नाही. वन्सं हसल्या आणि पोट धरून बसल्या.

खुंट्या काढून पुन्हा पहिली बारीक घातली. पाळी भरायला जो वेळ लागायचा तो लागलाच. त्यानंतर ह्यांनी नव्या खुंट्या कातल्या आणि दोऱ्याच्या मापाने वाढ सुरू झाली. तोवर वन्संनी अंथरूण धरलं होतं. लेकीने एकदा विचारलं, मधल्या दोन-तीन खुंट्या गाळल्या तर? वन्सं म्हणाल्या, "घाई मला आहे, तुझ्या कानाला नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या कानांतल्या खुंट्या काढून ह्यांच्या हातावर ठेवल्या आणि सांगितलं, टोप तसाच ठेव, दांडा पोरीच्या कानाएवढा बारीक कर. हे म्हणाले, ताई, एकदा छिललेलं परत जाड होत नाही. तुझ्या कानात त्या पुन्हा राहायच्या नाहीत. वन्संनी विचारलं, आता मला कुठे मिरवायचं आहे?

ह्यांनी कारखाना सुटल्यावर, लेथवर कोणी नसताना ते काम केलं. भुसा पुडीत बांधून आणला. का ते मी विचारलं नाही.

लेकीने वन्संच्या पलंगाशी बसून खुंट्या घातल्या. न दुखता गेल्या. मागून रबरी कडी लावली. पुढून पाहिलं तर त्याच खुंट्या. वन्संच्या पाळ्या रिकाम्या लोंबत होत्या. त्यांनी लेकीचा कान बोटांत धरून टोप फिरवून पाहिला. "दोऱ्या-दोऱ्याने झालं बघ तुझ्या बापाचं एक सूत," म्हणाल्या.

वन्सं वारल्या त्या नातवाला पहिला दात आला त्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी.