आडोलेच्या नावाची पेटी

मी एक जुनी शवपेटी आहे. घाबरू नका मित्रांनो, माझ्यात कोणी नाही. तेच तर माझं दुखणं आहे! अक्रा शहराबाहेरच्या दफनभूमीत मी कित्येक वर्षं पडून आहे, पण कुणाची म्हणून पडून आहे, हे मला अजून उमगलेलं नाही.

माझा जन्म समुद्राकाठच्या वस्तीत ओकपोटी सुताराच्या छपराखाली झाला. ओकपोटीनं रंधा मारून मला गुळगुळीत केलं, झाकणावर पितळी फुलं ठोकली आणि तो म्हणाला, "पोरी, वस्तीतली मोठी बाई निजणार आहे तुझ्यात. नीट सांभाळ हो तिला." मी मनाशी म्हटलं, सांभाळीन. पेटीला आणखी काय हवं असतं?

ती मोठी बाई म्हणजे केंकी, मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे उकडलेले गोळे, विकणारी आडोले. मला तिच्या अंगणात नेलं, तर तिथं ढोलांचा नुसता दणदणाट चालला होता. वाजवणारे घामाघूम झाले तरी तिची मुलगी डेडे ओरडत होती, "जोरात रे! जेवला नाहीत का?" मला वाटलं, केवढा हा मान! तेवढ्यात ढोल जरा थांबले आणि आतल्या खोलीतून कुदळीचा आवाज आला. भर दुपारी घरात कोण खणतंय?

थोड्या वेळानं डेडेनं आणि तिच्या भावानं, ओकायनं, माझं झाकण उघडलं आणि आईच्या कापडात गुंडाळलेला केळीचा ओला बुंधा माझ्यात ठेवला. वर वाळू भरली. मी पुरती बुचकळ्यात पडले. ही आडोले?

"साहेबाला कळलं तर तुरुंगात जाऊ, ताई," ओकाय कुजबुजला.

"जाऊ की! बाहेर रानात कुणाला पुरतात आपल्यात? ज्याचं कुणी नाही त्याला. आईनं काय पाप केलं होतं? ती तिच्या खोलीतच राहील, आजीशेजारी. रोज सकाळी पहिलं पाणी मी कुणाला देऊ मग, दफनभूमीच्या कुंपणाला?"

तेव्हा कुठं मला थोडा उलगडा झाला. या लोकांची माणसं मेल्यावरही घर सोडत नाहीत, जमिनीखाली तिथंच राहतात. गोऱ्या सरकारनं घरात पुरणं बंद केलं होतं. म्हणून आडोले घरी राहिली, आणि मी निघाले सरकारच्या डोळ्यांत धूळ फेकायला.

दफनभूमीच्या फाटकाशी स्वच्छता खात्याच्या साहेबानं माझ्यावर काठीनं टकटक केलं. "फार जड दिसते पेटी," तो म्हणाला.

"आईनं जन्मभर केंकी विकली, साहेब," डेडे म्हणाली, "पण आधी स्वतः चाखली!"

सगळे हसले. साहेबही हसला आणि त्यानं वाट सोडली.

खड्ड्यापाशी मला वाटलं, आता डेडेचं रडण्याचं नाटक सुरू होणार. पण तिनं माझ्यावर डोकं टेकलं आणि अशी हंबरडा फोडून रडली, की माझ्या फळ्या थरथरल्या. अहो, आई तर घरी होती! मग ती कुणासाठी रडत होती, केळीसाठी? मला काही म्हणजे काही कळेना.

त्यानंतर माझ्याकडे कोणी फिरकलं नाही. सणाचा घास आडोलेला घरीच मिळायचा. आजूबाजूच्या पेट्यांत माणसं होती. माझ्यातला बुंधा कुजून गेला. मला वाईट वाटे. पण डेडेचं चुकलं म्हणावं, तर तेही मनाला पटत नसे.

मग एका सकाळी कोर्शी नावाची कोळीण आली आणि माझ्याशेजारी फतकल मारून बसली.

"ए पेटी, तू रिकामी आहेस हे अख्ख्या वस्तीला ठाऊक आहे," ती म्हणाली. "म्हणूनच आले. माझा लेक ओफोली होडी घेऊन गेला, तो समुद्रानं परत दिलाच नाही. वल्ह्याचा हा तुकडा तेवढा दिला. घरात पुरायला गेले, तर दीर म्हणाले, लाकडाला कुठं पुरतात का? तुझ्यात जागा आहे ना गं?"

मित्रांनो, जागा होती!

तिनं हातानं माती उकरून तो तुकडा पुरला आणि वर पाणी ओतलं. मग लेकाला धाकटीच्या लग्नाची बातमी सांगितली. शेवटी रागेही भरली, "सांगितलं होतं ना, भरतीला जाऊ नकोस म्हणून!" आता ती वरचेवर येते.

मित्रांनो, कुठं जुनी कबर दिसली, तर आत कोण आहे याची चौकशी करत बसू नका. तिच्यावर पाय देऊ नका, वाढलेलं गवत तेवढं काढा. माझ्यावर नाव आडोलेचं आहे, पोटात केळीची माती आहे आणि उशाशी वल्ह्याचा तुकडा. मी कुणाची, ते मला आजही सांगता येत नाही. पण कोर्शी "ओफोली" म्हणून हाक मारते, तेव्हा ओ मी देते.