मंजीच्या सालचा गलका

मंजीच्या सालच्या गलक्याचं पेव त्या दिवशी उघडलं, आणि सगळ्यात वर ढोलांचा दणदणाट निघाला. सुकून तांबूस झालेला, खारकेच्या बियांसारखा टणक.

तळवट गावात आवाज कधी विरत नसे. देवीची जत्रा उठली, की तो थोडा वेळ हवेत घोटाळे आणि मग धुरळ्यासारखा खाली बसे. सकाळी लोक खराट्यानं तो लोटून काढत, पाट्यांत भरत, आणि ज्या त्या सालचा आवाज जमिनीत खणलेल्या ज्या त्या पेवात ओतून वर दगड ठेवत. ओला गलका उफणता येत नाही. तो पाटीला चिकटतो, कानात गेला तर तिथंच कोंब धरतो. म्हणून तो खडखडीत वाळेपर्यंत थांबायचं, मग पेव उघडायचं, खळ्यावर वाऱ्याला उफणायचं. ज्याचं जे असेल ते त्यानं न्यावं, उरलेलं नदीत सोडावं.

गजरा थांबली होती. तिची लेक मंजी त्या सालच्या जत्रेत पाळण्यापाशी तिच्या बोटाची सुटली, ती पुन्हा दिसली नाही. विहिरी उपसल्या, रानं पालथी घातली. पण सुटल्यावर पोरीनं आईला हाक मारलीच असणार. ती हाक या पेवात होती. कुठं उभं राहून मारली, कुठल्या अंगाला तोंड करून मारली, ते हाकेवर उमटलेलं असतं, चिखलात पाऊल उमटावं तसं. हाक सापडली की पोर कुठं गेली ते कळणार होतं.

"गजरा वैनी, दिवस मावळायच्या आत आटपा," नारबा कारभारी खळ्याच्या कडेनं फिरत म्हणाला. "आज जत्रा हाय. ढोल वाजला का नवा आवाज पडाया लागंल. सुक्यात वला मिसळला, तर सगळंच कुजंल. मग मला बोल लावू नगा."

"तू नुसतं हुकूम सोड, मेल्या," पेवाच्या काठावर बसलेली ठकूआत्या म्हणाली. ती गजराच्या सासऱ्याची बहीण, आणि गावात कुणालाच भीत नसे. "वारं काय तुझ्या बानं बांधून ठेवलंय?"

"तुमच्या तोंडाफुडं वाऱ्याची काय बिशाद, आत्या!"

गजरा उफणायच्या उंच लाकडी तिपाईवर, घोड्यावर, चढली. खाली मंजीचा बा, भिवा, पाट्या भरून वर देऊ लागला. त्या जत्रेपासून भिवा बोलायचा थांबला होता. मिटल्या तोंडानं तो भरली पाटी वर करी, रिकामी खाली घेई.

वारा चांगला होता. गलबला हलका, कोंड्यासारखा. तो पार बोरीच्या कुंपणाला जाऊन लागला. गोंगाटाची काडं त्याच्या अलीकडं पडली, बायकांच्या कलकलाटाची फोलपटं त्याच्याही अलीकडं. आरोळ्यांना कुसळं होती, ती गजराच्या लुगड्यात रुतून बसली. बोंबा तेवढ्या जड. त्या सरळ घोड्याच्या पायाशी पडत.

गजरा पाटी हलवता हलवता हळूच गुणगुणत होती, इतकं हळू की त्याचा कणसुद्धा खाली पडू नये.

*लेक माझी गं मंजुळा, कशी गर्दीत शिरली*
*बोटाला गं माझ्या, तिची ऊब उरली*

ठकूआत्यानं ढिगातली एक बोंब उचलून कानाला लावली आणि तिचा चेहराच बदलला.

"अगं बया, ही आमच्या ह्यांची! पाळण्यात बसून भ्याले हुते. 'ठके, उतरव मला' म्हणून साऱ्या जत्रेत बोंब ठोकली हुती." ती हसत सुटली. मग तिनं डोळे पुसले आणि ती बोंब पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. "ऱ्हाऊ दे माझ्याकडं. लई गप असतं घर आता."

दुपार कलली. उफणलेला भुसा कुंपणाला अडून माघारी येऊ लागला. आधी तो घोड्याच्या पायांना टेकला, मग भिवाच्या गुडघ्यांना. लोटायला जागा उरली नव्हती. पाट्यांमधून आता हाकाटी यायला लागली. एकेक दाणा गजरा कानाशी धरी, आणि प्रत्येकात तेच नाव निघे. मंजे. ए मंजे. मंजुळा गं. साऱ्या गावानं मारलेल्या हाका, खालपासून वरपर्यंत ठासून भरलेल्या.

एक दाणा नारबापुढं पडला. तो त्यानं ओळखला आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभा राहिला.

"मी लई वरडलो हुतो, वैनी. पाळण्याच्या खांबावर चढून वरडलो."

"सगळीच वरडली, भावजी," गजरा म्हणाली.

"पर गप कुनी बसलं न्हाय," ठकूआत्या म्हणाली. "पोर ओ देती का, ते ऐकाया कुनी गप बसलं न्हाय."

भिवानं पुढची पाटी वर केली. भुसा भिवाच्या छातीला आला होता.

शेवटच्या पाटीत एकच ढेकूळ होतं. लिंबाएवढं, आणि इतक्या सालांनंतरही ओलसर. ते गजराला कानाला लावावं लागलं नाही. घशातून रक्त येईतो तीच ओरडली होती. तो तिचाच आकांत होता. तिनं तो हलवला. आत काहीतरी बारीक खुळखुळलं, वाळल्या भोपळ्यात बी खुळखुळावी तसं.

"हितं हाय," ती म्हणाली. "माझ्या वरडण्याच्या पोटात हाय."

"मग फोड की गं!"

गजरानं हात उगारला आणि तसाच धरून ठेवला.

"फोडलं तर आधी माझीच वरड सुटंल, आत्या. तिच्याखाली पोरीची हाक परत दबंल. तवा दबली तशीच."

"हळू फोड."

"वरड हळू फुटत न्हाय."

गावात देवळापुढं काडाचा जाळ केला होता आणि त्यावर ढोल तापवत होते. नारबानं तिकडं पाहिलं आणि त्याचा धीर सुटला. दोन्ही हात तोंडाशी नेऊन तो जीव खाऊन ओरडला, "ढोल थांबवा रंऽऽ! गप ऱ्हावा समदी!"

ती ओरड हिरवीगार, ओलीचिंब, भुशावर पडली. जिथं पडली तिथला भुसा काळा पडला, आणि काळं पसरत निघालं.

"काय केलंस रं मुडद्या," ठकूआत्या कुजबुजली. नारबानं तोंडावर हात दाबला, पण आता उशीर झाला होता. फुगलेला भुसा वर चढत होता. घोड्यावर उभ्या गजराच्या पावलांना, मग गुडघ्यांना.

तेव्हा भिवानं तोंड उघडलं. भुसा त्याच्या हनुवटीला टेकला होता. तो इतकं सावकाश बोलला, की त्याचा शब्द खाली पडलाच नाही.

"तोंडात धर."

"काय म्हनला?"

"तोंडात धर, नि तोंड मिटून फोड. तुझी वरड तुझ्यातच जाऊ दे."

गजरानं ते ढेकूळ तोंडात घातलं. जबडा कसाबसा मिटला. तिनं दात रोवले. ओरड फुटली आणि आल्या वाटेनं माघारी निघाली, घशातून, छातीतून. बरगड्या एकीपासून एक सुटल्यागत ताणल्या. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. दोन्ही तळहात तिनं ओठांवर घट्ट दाबून धरले आणि बाहेर काही येऊ दिलं नाही. ओरड खाली खाली गेली आणि पोटाशी बसली.

ढोलावर पहिली टिपरी पडली. त्या आवाजाचा पहिला ओला थेंब गजराच्या केसांवर येऊन बसला. भिवाचे आता नुसते डोळे दिसत होते. ते तिच्याकडं लागले होते.

गजरा तोंड दाबून ऐकत राहिली. आणि आतून, तिच्या दातांच्या मागून, कुणीतरी इवल्याशा बोटानं दार वाजवलं.