उलटं रिंगण

लोर्नाचा मुलगा डार्सी डोंगरापलीकडे वणवा विझवायला गेला होता. त्याच्या रक्षणासाठी आम्ही तिघीजणी तिच्या परसात मंतरलेलं रिंगण घालत होतो. सुरी हातात धरून मेरिन फिरली. ती इंग्लंडहून नुकतीच आलेली. रिंगण पुरं झालं तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि मी ओरडलेच.

"मेरिन, तू घड्याळाच्या काट्यांसारखी फिरलीस!"

"मग? सूर्य तसाच जातो ना?"

"तुमच्याकडे, बाई. इथे ऑस्ट्रेलियात तो उत्तरेकडून, उलटा जातो. तुझ्यासारखं आम्ही फिरतो ते फक्त नकोसं काही घालवून द्यायला."

लोर्नाने मधोमध ठेवलेल्या डार्सीच्या फोटोकडे पाहिलं. "म्हणजे माझ्या पोराला घालवून दिलंत?"

तेवढ्यात पायरीवरचा तिचा फोन वाजला. सुरीने हवेत दार कापल्याशिवाय रिंगणाबाहेर पडायचं नसतं, पण मेरिन नुसती उलटसुलट सुरी फिरवत बसली.

"खड्ड्यात गेलं तुमचं दार!" म्हणत लोर्ना रिंगण ओलांडून धावली.

डार्सीचा आवाज आम्हालाही ऐकू आला.

"आई, मी ठीक आहे. पण वारा फिरलाय. आग तुमच्याकडे येतेय. निघा, आत्ता!"

मेरिन अजून हवेत सुरी चालवत होती. मी तिला दंडाला धरून बाहेर ओढलं.