एकशे सतरा नंबरचं डावं दार

गाडीचा चेपलेला पत्रा सरळ करायचा आणि त्यावर असा रंग चढवायचा की मालकानेच विचारावं, "नक्की कुठे लागली होती हो?" हा माझा धंदा. तीस वर्षं झाली. बायको म्हणते, तुमच्या नाकावर माशी बसत नाही. नसेल बसत. रंग ओला असला की मला माशी कुठेच बसलेली चालत नाही.

माझी लेक गाड्यांची किंमत ठरवते. ती स्वतः विकत नाही, घेतही नाही. घेणाऱ्याने बोलावलं की जाते, गाडी तपासते आणि लेखी अहवाल देते. गाडी खरी कशी आहे, आज तिला काय भाव मिळेल, पाच वर्षांनी विकली तर काय हाती येईल, सगळं त्यात असतं आणि खाली सही. नऊ वर्षं ती एका नावाजलेल्या माणसाच्या हाताखाली होती, तेव्हा घाम हिचा आणि सही त्याची. या वर्षी तिने स्वतःची पाटी लावली, आणि पहिलंच मोठं काम आलं ते जगात फक्त दोनशे बनलेल्या एका स्पोर्ट्स कारचं.

"बाबा, येतोस का? अशी गाडी परत बघायला मिळणार नाही."

"गाडी ती गाडी. हिला काय पाच चाकं आहेत?" मी म्हणालो. पण इस्त्रीचा शर्ट काढला.

खरं सांगायचं तर, त्या दोनशेतली एक मी सहा वर्षांपूर्वी पाहिली होती. नुसती पाहिली नव्हती, बावीस दिवस तिच्या डाव्या दाराशी झुंजलो होतो. पण जगात दोनशे आहेत म्हटल्यावर तीच कशाला असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

गाडी घ्यायला निघालेल्या बाई दातांच्या डॉक्टर. पन्नाशी ओलांडलेली, सव्वीस वर्षं लोकांच्या जबड्यात वाकून वाकून मान धरलेली. वाटेत त्या आम्हाला म्हणाल्या, "माझं साठवलेलं बहुतेक सगळं यात जाणार आहे. सगळे सांगतात, या गाड्यांची किंमत पडत नाही, चढतेच. साठीला विकायची आणि दवाखान्याला कुलूप लावायचं, असा विचार आहे. तुम्ही सांगाल तसं."

तुम्ही सांगाल तसं! लेकीच्या खांद्यावर केवढं ओझं ते.

मालकाने शटर वर केलं. पांढऱ्या फरशीची थंड खोली, छताला आठ ट्यूबलाइट, कोपऱ्यात हवेतला दमटपणा ओढणारं यंत्र आणि मधोमध ती. गर्द निळी. डॅशबोर्डवर पितळी पट्टी, तिच्यावर नंबर कोरलेला. एकशे सतरा.

तीच.

मालकाने मला ओळखलं. क्षणभर त्याचा हात शटरच्या बटणावर तसाच राहिला. "हे कोण?" त्याने विचारलं.

"माझे वडील," लेक म्हणाली.

"अरे वा!" तो म्हणाला, आणि तिची पाठ वळताच मला डोळा मारला. मला! त्या डोळ्यावर रंग फवारावासा वाटला.

झालं होतं असं. सहा वर्षांपूर्वी या गृहस्थाने गाडी मागे घेताना स्वतःच्याच फाटकाच्या खांबाला घासली. कारखान्याकडे पाठवली असती तर त्यांच्या दप्तरी नोंद झाली असती, आणि मग "मूळ रंग" हा शिक्का गेला. अशा गाड्यांचं सगळं त्यावर असतं. किती कमी चालली, पहिले कागद आहेत का आणि कारखान्याने मारलेला रंग तसाच आहे का. एका दाराला दुसरा हात लागला की भाव धाडकन खाली. तो हात कितीही चांगला असो! मला याचा कायम राग येतो, पण माझ्या रागाला बाजारात कोण विचारतो? म्हणून हा माझ्याकडे आला. म्हणाला, कुणाला कळता कामा नये. मी शब्द दिला. त्याची गाडी, त्याचं दार, माझं काय जातं? तो एक दिवस ती विकेल, आणि तपासायला माझीच पोर येईल, हे कुणाच्या स्वप्नात होतं?

"सगळा रंग कारखान्याचा आहे," मालक सांगत होता. "बाहेरचा एक थेंब नाही."

मी मूग गिळून उभा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो हाच. बोललो तर तीस वर्षांत कधी न मोडलेला शब्द मोडतो. नाही बोललो तर पोरीची सही खोट्याखाली पडते, आणि या धंद्यात एक सही खोटी निघाली की संपलं, पाटी उतरवायची. आणि आता लपवू कशाला, मनाचा एक नतद्रष्ट कोपरा असाही होता की बघू या, हिला सापडतं का!

लेकीने रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र काढलं. उजवं दार, बॉनेट, छप्पर. प्रत्येक ठिकाणी टेकवायची, आकडा लिहायची. मग डावं दार. आकडा बरोबर आला. येणारच! तो आकडा डोळ्यांसमोर ठेवूनच मी थर चढवले होते. माझी छाती फुगली. आणि लगेच बसली, कारण ती आकडा लिहून मागच्या चाकाकडे सरकली होती.

"झालं?" मालकाने विचारलं.

"नाही. एक ट्यूब सोडून बाकी सगळ्या बंद करा."

अंधारल्या खोलीत ती गाडीशेजारी उकिडवी बसली आणि कडेकडेने पुढे सरकत रंगात पडलेलं ट्यूबचं प्रतिबिंब बघू लागली. अहो, ती बैठक माझी! रंग बघायचा नाही, रंगात काय दिसतं ते बघायचं, हे मी तिला ती नऊ वर्षांची असताना शिकवलं होतं. डाव्या दारापाशी ती थांबली. पुढे गेली. परत आली. मग उठली, गुडघे झटकले आणि कागदावर काहीतरी लिहिलं. चेहरा असा कोरा की सख्ख्या बापाला वाचता येईना.

आतल्या खोलीत आम्ही टेबलाशी बसलो. तिने तासभर आकडेमोड केली. डॉक्टरबाईंना राहवेना. "घेऊ का?"

"घ्या हो," मालकच उत्तरला. "उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय. मग म्हणाल, सांगितलं नाही."

लेकीने पेनाचं टोपण काढलं.

"थांब," मी म्हणालो. "सही करू नकोस."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझा आवाज वाजवीपेक्षा मोठा निघाला होता, तो मग तसाच ठेवला. "डावं दार मी रंगवलंय. पत्रा ठोकून सरळ केलाय, धातूपर्यंत घासलाय, वरून खाली सगळं माझं काम आहे. कारखान्याचा त्यात एक थेंब नाही."

"तुम्ही शब्द दिला होता!" मालक ओरडला. आणि ओरडल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपणच सगळं कबूल करून बसलो.

"दिला होता. आज मोडला. गिऱ्हाइकाला फसवायला मी शब्द दिला नव्हता. आणि हो, पुन्हा डोळा मारलात तर याद राखा."

डॉक्टरबाईंनी खुर्ची मागे सरकवली. लेक मात्र जागची हलली नाही. तिने अहवाल फिरवून माझ्यासमोर ठेवला. तिसऱ्या पानावर तिच्या बारीक अक्षरात आधीच लिहिलेलं होतं, 'डावं दार पूर्ण नव्याने रंगवलेलं. काम अत्यंत उच्च दर्जाचं.' त्याखाली 'काम कोणी केलं' ही जागा रिकामी होती.

"तुला कळलं?" मी विचारलं. "यंत्रावर तर आकडा बरोबर होता!"

"यंत्राला कुठे कळतं बाबा? बाकी गाडीवर ट्यूबची कड जराशी थरथरते. कारखान्याच्या रंगाला संत्र्याच्या सालीसारखा बारीक खरखरीतपणा राहतोच. या दारावर ट्यूब रेघ मारल्यासारखी सरळ दिसते. तो खरखरीतपणा तू ठेवायला हवा होतास."

"ठेवला होता!" मी चिडलो. "एकविसाव्या दिवसापर्यंत होता. मग मला बघवेना. घासून काढला."

जित्याची खोड, दुसरं काय! नक्कल करायला बसलो आणि मूळच्यापेक्षा चांगलं करून ठेवलं. तीच चूक माझ्या पोरीने नेमकी उचलली. गुरूची विद्या गुरूला फळली म्हणतात, ती अशी. पकडला गेलो होतो, तरी आतून उकळ्या फुटत होत्या.

"मग माझं काम आहे हेही कळलंच असेल."

"एवढी हौस दुसऱ्या कुणाला आहे?"

"तर ही जागा रिकामी का?"

"अंदाजाने मी कुणाचं नाव लिहीत नाही," ती म्हणाली. मग जरा हळू म्हणाली, "आणि ते तू स्वतः सांगायला हवं होतंस."

तिने माझं पूर्ण नाव लिहिलं. पुढे कंसात लिहिलं, 'मूल्यमापकाचे वडील.'

"हे बरंय!" मालक उसळला. "बापाने रंगवायचं आणि लेकीने तपासायचं!"

"म्हणून तर लिहिलं," ती शांतपणे म्हणाली. "हवं तर दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. पण दार रंगवलंय हे तुम्ही आता चौघांत बोललात." मग डॉक्टरबाईंकडे वळली. "मूळ रंगाच्या गाडीचा जो भाव आहे, त्यातून बारा टक्के कमी."

"बारा?" हे मी ओरडलो. "अगं, डोकं ठिकाणावर आहे का? असल्या दाराला बारा? आठ फार झाले!"

"बारा, बाबा."

"कारखान्यापेक्षा सरस काम आहे ते!"

"तेही लिहिलंय. बाजार दार बघत नाही, दाराला दुसरा हात लागला का, तेवढंच बघतो."

"दहा तरी कर."

"बारा."

डॉक्टरबाईंना हसू आवरेना. हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "मग पाच वर्षांनी? माझे पैसे?"

"पैसे वाढवायला घेणार असाल तर घेऊ नका," लेक म्हणाली. "ज्यांना हात लागलेला नाही, ज्या झाकून ठेवल्यात, अशांचा भाव चढतो, आणि तोही दरवर्षी चढेलच असं नाही. ही त्यांच्यातली राहिली नाही. चालवायला घेणार असाल, आणि साठवलेलं सगळं न घालता जमत असेल, तर या भावात जरूर घ्या. डाग पडेल म्हणून आता हिला जपत बसायला नको."

बाईंनी काचेतून त्या निळ्या गाडीकडे पाहिलं. "मला चालवायचीच होती," त्या म्हणाल्या. "या वयात तसं म्हणायची लाज वाटत होती, म्हणून गुंतवणूक, गुंतवणूक करत होते. दवाखाना साठीनंतरही चार वर्षं चालवेन. बारा टक्के कमी करून देत असतील तर आज घेते, नाहीतर राहू दे."

मालक उठून बाहेर गेला. कुणाकुणाला फोन केले. तेवढ्या वेळात लेकीने प्रत्येक पान पुन्हा वाचलं आणि शेवटच्या पानावर सही केली. घाई नाही, फराटा नाही, एकेक अक्षर वाचता येईल अशी सही.

मालक परत आला तो उतरलेल्या चेहऱ्याने. कबूल झाला होता. आम्ही निघताना माझ्याजवळ आला आणि दात ओठ खात म्हणाला, "काय मिळवलंत? तुमच्याच पोरीने तुमच्या कामाचा भाव पाडला."

"हो," मी म्हणालो, बाहेरच्या रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "सख्ख्या बापासाठीसुद्धा एक टक्का सोडला नाही तिने!"